आकाशातील दगडांची साक्ष : रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड

इ. स. १७९८ च्या डिसेंबर महिन्यातील १९ तारखेची रात्र. काशीपासून सुमारे चौदा मैलांवर, गोमतीच्या उत्तर तीराला एक लहानसे खेडे होते. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘क्राखुट’ असे लिहिलेले आढळते. रात्री आठचा सुमार होता. आकाश अगदी स्वच्छ होते. कित्येक दिवसांत ढगाचा एक तुकडाही कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. अशा त्या निरभ्र आकाशातून एकाएकी अग्नीचा एक मोठा गोळा जाताना दिसला, पाठोपाठ मेघगर्जनेसारखा गडगडाट झाला, आणि जड वस्तू जमिनीवर आदळल्याचे आवाज आजूबाजूच्या लोकांनी ऐकले.

ही वार्ता जिल्ह्याचा न्यायाधीश सॅम्युअल डेव्हिस याच्या कानावर गेली. डेव्हिस हा हिंदू ज्योतिर्गणिताचा अभ्यासक होता. त्याने चौकशीसाठी एक हुशार माणूस गावात पाठविला. गावकऱ्यांनी त्या माणसाला सांगितले की, सापडलेल्या दगडांपैकी काही फोडले गेले, काही तहसीलदाराला व इतरांना देऊन झाले; परंतु पीक अजून दोन-तीन बोटेच वर आले आहे, तेव्हा शेतात जेथे माती नुकती उकरल्यासारखी दिसेल तेथे शोधा, म्हणजे आणखी मिळतील. त्याप्रमाणे शोध करता जमिनीत सुमारे सहा इंच रुतलेले चार दगड हाती आले. गावाजवळ राहणाऱ्या एका युरोपियन गृहस्थाच्या घरी पहाऱ्यावर असलेल्या रखवालदाराने तर दुसऱ्याच दिवशी सकाळी एका दगडाचे तुकडे आणून दिले. आपल्या झोपडीचे छप्पर फोडून हा दगड आत आला आणि चोपलेल्या मातीच्या जमिनीत रुतून बसला, असे त्याचे सांगणे होते. मूळचा दगड दोन पौंडांहून अधिक वजनाचा असावा. या सर्व दगडांना बाहेरून काळे, जळल्यासारखे कवच होते आणि आतला भाग राखाडी रंगाचा होता.

त्या रखवालदाराचे म्हणणे अक्षरशः खरे होते. परंतु ते त्या वेळी पॅरिस किंवा लंडन येथील विद्वानांपुढे मांडले असते, तर बहुतेकांनी ते हसण्यावारी नेले असते. आकाशातून दगड पडतात ही गोष्ट विद्वानांनी स्वीकारावी, यासाठी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष पुरेशी ठरली नाही. दगडांनाच बोलते करावे लागले. ते काम ज्याने केले तो इंग्रज रसायनशास्त्रज्ञ म्हणजे एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड होय.

विद्वानांचा हा अविश्वास केवळ हटवादीपणाचा होता, असे मात्र म्हणता येणार नाही. अठराव्या शतकात युरोपातील शास्त्रज्ञ भाकडकथांची जळमटे झाडून काढण्याच्या कामी गुंतले होते. आकाशातून रक्ताचा पाऊस पडला, दुधाचा पडला, दगडांचा पडला, अशा कथा जुन्या बखरींतून एकाच ओळीने नांदत असत. एक खरी मानावी तर दुसरी का मानू नये? शिवाय न्यूटनने आखून दिलेल्या विश्वात सूर्य, ग्रह, उपग्रह आणि धूमकेतू यांना जागा होती. वाटेल तेथे भटकणाऱ्या दगडधोंड्यांना ती नव्हती. इ. स. १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्यूसे येथे शेतात काम करणाऱ्यांच्या देखत एक दगड पडला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याची परीक्षा करण्यासाठी जी समिती नेमली तीत तरुण लाव्हाझिए होता. समितीने निर्णय दिला की, हा माक्षिकयुक्त वालुकाश्म पृथ्वीवरचाच असून त्यावर वीज पडलेली आहे. पुढे १७९० मध्ये फ्रान्सच्याच नैर्ऋत्य भागात बार्बोतां येथे दगडांचा वर्षाव झाला. शेकडो लोकांच्या साक्षीचा लेख तयार झाला. तेव्हा एका नामांकित विद्वानाने, सगळा गावच्या गाव भोळसटपणाला प्रमाणपत्र देतो याबद्दल खेद व्यक्त केला!

१७९४ साली जर्मन पदार्थविज्ञानवेत्ता क्लाडनी याने एक छोटे पुस्तक लिहून प्रवाहाविरुद्ध मत मांडले. आकाशातून जाणारे अग्निगोल आणि जमिनीवर सापडणारे विचित्र लोखंडाचे व दगडाचे गोळे या एकाच वस्तूच्या दोन अवस्था असून, त्या वस्तू पृथ्वीबाहेरच्या अवकाशातून येतात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याने जुन्या साक्षी वकिलाच्या चातुर्याने एकत्र मांडल्या होत्या. परंतु प्रयोगशाळेतला पुरावा त्याच्यापाशी नव्हता.

योगायोग असा की, याच सुमारास दगड पडण्याच्या घटना एकामागून एक घडू लागल्या. १६ जून १७९४ रोजी इटलीत सिएना येथे दगड पडले. आदल्याच दिवशी व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट झाला होता, म्हणून कित्येकांनी त्याचे पितृत्व त्या ज्वालामुखीकडे दिले. पण व्हेसुव्हियस तेथून दोनशेहून अधिक मैल दूर! १३ डिसेंबर १७९५ रोजी इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात वोल्ड कॉटेज या ठिकाणी छप्पन पौंड वजनाचा दगड एका शेतमजुरापासून थोड्याच अंतरावर येऊन पडला. त्या जमिनीचा मालक एडवर्ड टॉपम याने साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि तो दगड लंडनमध्ये लोकांना पैसे घेऊन दाखविला. पाहणाऱ्यांत रॉयल सोसायटीचा अध्यक्ष सर जोसेफ बँक्स हाही होता. सिएनाचा दगड त्याच्या परिचयाचा होता. हा दगडही तसाच दिसतो, हे त्याच्या चटकन लक्षात आले. त्यानंतर काशीहून जॉन लॉइड विल्यम्स या गृहस्थाने तेथील वृत्तांत आणि नमुने त्याच्याकडे पाठविले. विल्यम्सने एक मार्मिक गोष्ट नमूद केली होती : या मुलखात ज्वालामुखी नाही आणि अशा जातीचा दगडही नाही. म्हणजे दोन सोप्या उत्तरांची वाट आधीच बंद झाली होती. आता गरज होती ती या दगडांचे पृथक्करण करणाऱ्या कुशल हाताची.

असा हात बँक्सला जवळच मिळाला. एडवर्ड हॉवर्डचा जन्म २८ मे १७७४ रोजी शेफील्डजवळ डार्नल येथे झाला. हॉवर्डांचे घराणे इंग्लंडमधील अत्यंत जुन्या सरदार घराण्यांपैकी एक. त्याचा वडील भाऊ पुढे नॉरफोकचा बारावा ड्यूक झाला. परंतु हे घराणे रोमन कॅथलिक पंथाचे होते. त्या काळी कॅथलिकांना ऑक्सफर्डमध्ये प्रवेश नव्हता, केंब्रिजची पदवी नव्हती, आणि पार्लमेंटची दारेही बंद होती. कुलीनता असून राज्यकारभार नाही, बुद्धी असून विद्यापीठ नाही, अशी ही चमत्कारिक स्थिती. रॉयल सोसायटीने मात्र हॉवर्डचा पंथ पाहिला नाही. जानेवारी १७९९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो तिचा सभासद झाला.

पुढच्याच वर्षी त्याचे नाव युरोपभर गाजले. पारा नत्राम्लात विरघळवून त्या द्रावणात मद्यार्क मिसळला असता पांढऱ्या स्फटिकांची एक भुकटी तयार होते, आणि ती नुसत्या आघाताने अथवा ठिणगीने भयंकर जोराने उडते, असे त्याला आढळून आले. हाच ‘मर्क्युरी फल्मिनेट’ होय. बंदुकीच्या दारूऐवजी त्याचा उपयोग होईल काय, याचे प्रयोग झाले. पण गोळी दूर फेकण्याऐवजी तो बंदुकीचेच तुकडे करी. अशाच एका स्फोटात हॉवर्ड स्वतः जखमी झाला. त्यानंतर, रसायनशास्त्रातील दुसऱ्या एखाद्या विषयाकडे वळावे हे बरे, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेविले. या शोधाबद्दल १८०० सालचे कॉप्ली पदक त्याला मिळाले. पुढे हीच भुकटी बंदुकीच्या टोपीत आली, आणि १८६० नंतरच्या दशकात आल्फ्रेड नोबेलने सुरुंग उडविण्यासाठी तिचाच उपयोग केला.

तो ‘दुसरा विषय’ बँक्सने त्याच्या हाती दिला. हॉवर्डपुढे चार ठिकाणचे दगड आले : काशीचा, वोल्ड कॉटेजचा, सिएनाचा, आणि बोहेमियात टाबोर येथे १७५३ साली पडलेला. या चार स्थळांतील अंतर ध्यानात घेतले पाहिजे. एक गोमतीच्या काठचे, एक यॉर्कशायरच्या खडूच्या टेकड्यांतले, एक इटलीतले, एक मध्य युरोपातले. ज्यांनी हे दगड पडताना पाहिले त्यांना एकमेकांची भाषाही ठाऊक नव्हती. संगनमत करून एकच कथा रचण्याचा संभवच नव्हता. तेव्हा हे दगड जर आतून एकसारखे निघाले, आणि त्या त्या ठिकाणच्या खडकांहून निराळे निघाले, तर त्याचा अर्थ टाळता येणार नव्हता.

हॉवर्डच्या पूर्वी ज्यांनी असे दगड तपासले त्यांनी बहुधा तुकडा घेऊन सबंध कुटला आणि त्या एकत्रित भुकटीचे पृथक्करण केले. खिचडीतील तांदूळ, डाळ, मीठ सारे एकत्र वाटून मग त्यात काय होते हे ठरविण्यासारखेच ते झाले. हॉवर्डने निराळी रीत स्वीकारली. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळे देशोधडीस लागलेला काउंट द बूर्नों नावाचा एक खनिजशास्त्रज्ञ त्या वेळी लंडनमध्ये होता. त्याने भिंगाखाली दगड तपासून त्यातील घटक मोठ्या चिकाटीने वेगळे काढून दिले. चारही दगडांत घटक चारच निघाले : पहिला, धातुरूप लोखंडाचे बारीक कण, दुसरा, गंधक व लोह यांचे माक्षिकासारखे संयुग, तिसरा, मोहरीसारख्या लहान-मोठ्या, गोलसर, कठीण कणिका, आणि चौथा, या सर्वांना एकत्र बांधून ठेवणारी मातकट भुकटी.

मग हॉवर्डने एकेका घटकाची स्वतंत्र परीक्षा आरंभिली. कणिकांत आणि मातकट भागात मुख्यतः सिलिका, मॅग्नेशिया व लोहभस्म ही द्रव्ये आढळली. लाव्हाझिएच्या समितीला ज्याचे वेगळेपण जाणवले नव्हते ते खरे रहस्य निघाले धातूच्या कणांत. ते कण आम्लात विरघळवून त्यात अमोनिया घातला की लोखंडाचा तांबूस साका खाली बसे. पण वरचे पाणी रंगहीन न राहता त्याला निळसर जांभळी छटा येई. ती छटा निकेल या धातूची होती. निकेल हा १७५१ साली शोधला गेलेला धातू. तो पृथ्वीवर खाणीतील खनिजांत मिळतो, परंतु खाणीतून काढलेल्या धातुकापासून भट्टीत गाळलेल्या साध्या लोखंडात तो असा सापडत नाही. येथे तर काशी, यॉर्कशायर, सिएना आणि बोहेमिया या चारही ठिकाणच्या दगडांतील लोखंडात निकेल हजर!

येथे हॉवर्ड थांबता तरी त्याचे काम मोठे ठरले असते. परंतु त्याने आणखी एक पाऊल टाकले. सायबेरियात, दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत सेनेगलच्या बाजूस आणि बोहेमियात लोखंडाचे असे काही गोळे सापडले होते की, ते तेथे कसे आले याचा उलगडा होत नव्हता. त्यांपैकी दक्षिण अमेरिकेतील लोखंडात निकेल असल्याचे प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नुकतेच दाखविले होते. हॉवर्डने हे सारे नमुने तपासले. सर्वांत निकेल निघाले. म्हणजे कोणी पडताना न पाहिलेले हे लोखंड आणि शेकडो लोकांदेखत पडलेले दगड यांचे एकच गोत्र असल्याचे दिसून आले. क्लाडनीने जे तर्काने मांडले होते त्याला आता तराजूचा आणि परीक्षानळीचा आधार मिळाला.

२५ फेब्रुवारी १८०२ रोजी हॉवर्डचा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आला. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. विल्यम्सने लिहिलेला काशीचा सारा वृत्तांत त्याने आपल्या निबंधात समाविष्ट केला. शेतकऱ्यांनी दाखविलेली उकरलेली माती आणि रखवालदाराचे फुटलेले छप्पर ही दोन्ही अशा रीतीने जगातील एका अत्यंत प्रतिष्ठित विद्वत्सभेच्या दप्तरी दाखल झाली. निबंधाचा समारोप मात्र विलक्षण संयमाचा आहे. हे दगड चंद्रावरून आले, अवकाशातून आले, की वातावरणात तयार झाले, याविषयी हॉवर्डने ठाम निर्णय दिला नाही. हे एकमेकांसारखे आहेत, ज्ञात खडकांसारखे नाहीत, सर्वांत निकेल आहे, आणि ते पडल्याची हकीकत आता सहज नाकारता येणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. जितके सिद्ध झाले तितकेच बोलावे, हा शास्त्राचा धर्म त्याने पाळला. आणि त्याच्या बोलण्याला वजन आले ते त्यामुळेच.

परिणाम लवकरच दिसून आला. पॅरिसमध्ये व्होकलँ याने आणि बर्लिनमध्ये क्लापरोट याने असेच पृथक्करण करून हॉवर्डच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. जे अजूनही साशंक होते त्यांचे समाधान निसर्गानेच केले. २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीत लेग्ल या गावाच्या परिसरात भर दिवसा सुमारे तीन हजार दगड कोसळले. सरकारने पाठविलेला तरुण शास्त्रज्ञ बियो गावोगाव हिंडला, त्याने नकाशा काढला, शेतकऱ्यांच्या व धर्मगुरूंच्या जबान्या घेतल्या, आणि त्या दगडांची परीक्षा हॉवर्डच्या वर्णनाशी ताडून पाहिली. त्याच्या अहवालानंतर आकाशातून दगड पडतात हे नाकारणारा जाणता मनुष्य मिळणे कठीण झाले. ज्या साक्षीला बारा-तेरा वर्षांपूर्वी भोळसटपणा म्हटले गेले होते, तिलाच आता पुराव्याचे स्थान मिळाले.

हॉवर्डने ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळले त्याचे उत्तर पुढच्या दोन शतकांत मिळत गेले. पृथ्वीवर पोहोचलेल्या अशा दगडांना आज मराठीत अशनी म्हणतात. मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यान फिरणाऱ्या लघुग्रहांचे ते तुटलेले तुकडे असतात. क्वचित एखादा चंद्रावरून किंवा मंगळावरूनही आलेला असतो. बूर्नोंने वेगळ्या काढलेल्या त्या मोहरीएवढ्या कणिकांना १८६० नंतरच्या दशकात गुस्टाव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने ‘काँड्रूल’ हे नाव दिले. सूर्याभोवतीच्या धुळीचे वितळलेले थेंब झपाट्याने थिजून त्या बनल्या असून त्यांचे वय सुमारे ४५६ कोटी वर्षे आहे. म्हणजे रखवालदाराच्या झोपडीत शिरलेला तो पाहुणा हिमालयाहूनच काय, आपल्या पृथ्वीवरील कोणत्याही खडकाहून जुना होता! लोखंडाचा अनोळखी गोळा पुढे आला की त्यात निकेल आहे काय हे आधी पाहावे, हा हॉवर्डचा दंडक तर अजूनही पाळला जातो.

अशनींचा विषय हॉवर्डने मात्र पुढे चालविला नाही. त्याचे लक्ष वेधले ते साखरेने. त्या काळी साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यांत पाक उघड्या कढयांत विस्तवावर आटवीत असत. आपल्याकडील गुऱ्हाळात काहिलीजवळ बसणाऱ्या गुळव्याला विचारले तर तो सांगेल की, जाळ जरा चढला की रस करपतो आणि रंग काळवंडतो. साखरेचे तसेच होई. माल बिघडे आणि आगी लागून कारखानेही भस्मसात होत. हॉवर्डने विचार केला की, हवेचा दाब कमी केला तर द्रव कमी उष्णतेवर उकळतो. महाबळेश्वरी पाणी मुंबईपेक्षा लवकर उकळी घेते ते याच कारणाने. मग पाक बंद भांड्यात ठेवून आतली हवा पंपाने काढून घ्यावी आणि विस्तवाऐवजी वाफेची ऊब द्यावी. पाणी निघून जाईल आणि साखर करपणार नाही. १८१२ व १८१३ साली त्याने या निर्वात कढईची पेटंटे घेतली, आणि साखरेच्या धंद्याचा कायापालट झाला. कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कारखान्यांत आजही साखरेचा दाणा धरतो तो अशाच निर्वात पात्रात. कामगार त्याला नुसते ‘पॅन’ म्हणतात. त्यामागे हॉवर्डची कल्पना आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

सप्टेंबर १८१६ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, हॉवर्डचा लंडन येथे अंत झाला. त्याचे वैज्ञानिक आयुष्य जेमतेम अठरा वर्षांचे. तेवढ्यात त्याने तीन निरनिराळ्या क्षेत्रांत तीन कामे केली. पैकी पहिल्याने त्याला पदक आणि जखमा दिल्या, तिसऱ्याने धन दिले. मधले काम, ज्यात ना धन होते ना जखमा, तेच ज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ठरले.

या कामाचे महत्त्व केवळ अशनींपुरते नाही. अडाणी मनुष्य बोलला म्हणून ते खोटे, हा एक भ्रम. आणि पुष्कळ लोक बोलले म्हणून ते खरे, हा दुसरा. शास्त्राला या दोन्हींपासून अंग राखून चालावे लागते. लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे, त्यांनी दाखविलेली वस्तू हातात घ्यावी, ती काळजीपूर्वक तपासावी, आणि मगच बोलावे, हा मार्ग हॉवर्डने दाखविला. काशीजवळच्या त्या रखवालदाराचे नाव विल्यम्सच्या पत्रात आलेले नाही. पण आपल्या झोपडीत काय पडले हे त्याने सकाळ होताच येऊन सांगितले, आणि दगड टाकून न देता तो पुराव्यादाखल आणला. तीन वर्षांनी लंडनमधील एका तरुण रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या शब्दाला आपल्या परीक्षानळीचा आधार दिला. त्या दोघांची भेट कधी झाली नाही. तरीही आकाशातील दगडांचे शास्त्र उभे राहिले ते या दोघांच्या साक्षीवर.